कोरड्यावर चालू केलेली बोट

श्री. खेमसिंग देवसिंग आडे, वय अंदाजे साठ, राहणार हिरानगर तांडा, तालुका आर्णी, जिल्हा यवतमाळ. धंदा : यंत्रदुरुस्ती. शिक्षण : सातवी, अनुत्तीर्ण. ओळखीची खूण : उजव्या हाताच्या तर्जनीचे एक पेर नाही. सदर इसम डिझेल अथवा पेट्रोल यांवर चालणाऱ्या सर्व प्रकारच्या इंजिनांबाबत स्थानिक तज्ज्ञ असून, त्यांचे मत विचारात घेण्यास या कार्यालयाची हरकत नाही.

हा मजकूर एका चौकशी अहवालाच्या जोडपत्रात आहे. चौकशीच्या वेळी खेमसिंगला तो वाचून दाखवला तेव्हा तो म्हणाला, "अंदाजे कायले लिवलं? मले इचारलं असतं त सांगतलं असतं." एवढाच त्याचा आक्षेप. बाकीचं त्याला खरं वाटलं, आणि त्या दिवसापर्यंत ते खरं होतंही.

आर्णीहून दिग्रसकडे निघालं की गाव संपता संपता एक टिनाचं शेड लागतं. त्याच्यापुढे एखादा ट्रॅक्टर, दोन-चार मोटारपंप आणि चाकं काढलेल्या मोटरसायकली नेहमी असतात. हे खेमसिंगचं दुकान. पाटी नाही. निदानाची त्याची पद्धत ठरलेली. इंजिन आधी उघडायचं नाही. चालू करायचं, लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग थोड्या वेळाने तो आजाराचं नाव सांगतो. पुष्कळदा बरोबर सांगतो. चुकलं तर म्हणतो, "गिऱ्हाइकानं खरं सांगतलं नाही." डॉक्टरही हेच म्हणतात, म्हणून लोकांना ते पटतं.

इंजिनाबद्दल त्याचं एकच तत्त्वज्ञान होतं. उभं राहिलेलं इंजिन मरतं. हे त्याने कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही. त्याचे आजोबा लमाणी बैलांच्या तांड्याबरोबर मिठाच्या गोण्या वाहत फिरलेले. पावसाळ्यात तांडा एका जागी पडला की बैलांना काम नसे, तरी म्हातारा रोज पहाटे एकेक बैल सोडून पालांभोवती फिरवून आणी. उभ्या बैलाचे सांधे धरतात, मग सुगीला तो उठत नाही. नातवाने हेच ज्ञान ट्रॅक्टरला लावलं आणि ते लागू पडलं. काम नसलेल्या दिवसांत खेमसिंग ओळखीच्या शेतकऱ्यांच्या गोठ्यात जाऊन त्यांचे पडून असलेले पंप चालू करून येई. इंजिनाच्या अंगावर तळहात ठेवायचा. गरम लागलं की बंद. पुढच्या गोठ्यात. बैल गेले, मीठही दुसऱ्या वाटेने येऊ लागलं, पण फेरी चालू राहिली.

अशा माणसाच्या वाटेत सरकारने एक वेगवान मोटरबोट आणून ठेवली.

सावरमाळ धरणावर ती का आली याची दोन कारणं कागदावर होती, आपत्ती निवारण आणि जलपर्यटन. म्हणजे पूर आला तर माणसं वाचवायची आणि नाही आला तर त्यांना फिरवायचं. बोट पांढरी, निमुळत्या तोंडाची, मागे दोनशे घोड्यांचं काळं इंजिन. पूर्ण वेगात सोडली तर सावरमाळचा पलीकडचा काठ इतक्या लवकर यायचा, की बसलेल्याला नीट भ्यायलाही सवड मिळत नसे. एवढा वेग या जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्याच सरकारी वस्तूला नव्हता. धरणावर धक्का बांधलेला नसल्यामुळे ती पाण्यात न राहता भिंतीजवळच्या शेडमध्ये, दोन चाकांच्या गाडीवर राहायची. लागली की ट्रॅक्टरने ओढत पाण्यात न्यायची, काम झालं की परत शेडमध्ये.

चालक म्हणून धम्मदीप मुनेश्वर लागला. तिशीचा, आर्णीत आईबरोबर, इंदूबाईबरोबर, राहणारा. आधी तो काळीपिवळी जीप चालवायचा, आणि जीपच्या निमित्ताने खेमसिंगच्या दुकानावर त्याचं बसणं-उठणं होतं. त्याचं नाव धरणाच्या कार्यालयातल्या साहेबांकडे खेमसिंगनेच काढलं. "पोट्टा गिअर मोडत नाही," एवढी शिफारस पुरेशी झाली. धम्मदीपला चार दिवस नागपूरला शिकायला पाठवलं आणि तो बोटवाला होऊन आला.

दुरुस्तीचा करार नागपूरच्या कंपनीशी होता. इंजिनाला सील होतं. मुदत संपेपर्यंत कंपनीच्या माणसाशिवाय कोणी ते उघडायचं नाही. खेमसिंगला हे जिव्हारी लागलं. धरण त्याच्या तांड्यापासून दुकानाच्या वाटेवर, बोट डोळ्यांसमोर, आणि हात लावायचा नाही. साहेब एकदा सहज म्हणाले, "आडे, येता-जाता लक्ष ठेवत जा." खेमसिंगने तो हुकूम मानला. रोज सकाळी तांड्यावरून निघाला की तो शेडपाशी थांबायचा, चौकीदाराच्या खोलीतल्या खिळ्यावरून चावी घ्यायचा, इंजिनापुढे अगरबत्ती लावायचा आणि ते चालू करायचा. उभं राहू द्यायचं नाही. तळहात गरम लागेपर्यंत. मग चावी खिळ्यावर आणि खेमसिंग दुकानात.

बोट पहिल्यांदा बिघडली ती पाहुण्यांसमोर. कोणा मोठ्या माणसाचं कुटुंब बसलं होतं. धम्मदीपने वेग वाढवला, पाणी दोन्ही बाजूंनी उडालं, बायकांनी पदर सावरले, आणि इंजिनातून टीं टीं असा आवाज सुरू झाला. धम्मदीपला वेग कमी करावा लागला. गरम झालं की इंजिन असं वाजून इशारा देतं, तशी त्याची रचना होती. पाहुणे पायी चालल्याच्या वेगाने काठाला आले.

खेमसिंगने पेचकस लावला, डोळे मिटले. "आवाज बरोबर आहे," तो म्हणाला. "हिले बाहेरून काही तरी होऊन राह्यलं." आधी पेट्रोलवर संशय घेतला, पेट्रोल बदललं. मग प्लग. मग इंजिनाच्या खालच्या टोकाला, जिथून ते पाणी ओढतं तिथे, धरणातलं शेवाळ अडकत असेल म्हणून तो तारेचा ब्रश घेऊन बसला. काही निघालं नाही. कंपनीचा माणूस आला, इंजिनाचा खालचा भाग सोडवून नागपूरला घेऊन गेला, आतला पाण्याचा पंप बदलून घेऊन आला. कारण विचारलं तर म्हणाला, "गाळ. तुमच्या पाण्यात गाळ फार आहे." काही दिवस बोट नीट चालली. मग पुन्हा टीं टीं. पुन्हा नागपूर, पुन्हा नवा पंप, पुन्हा गाळ. कार्यालयाने गाळाचा नमुना तपासायला पाठवला. तो गाळच निघाला.

तांड्याचा नायक रामराव याचं निदान वेगळं होतं. धरणात बुडालेल्या गावाची देवी पाण्याखाली आहे, तिच्या डोक्यावरून दोनशे घोडे नेता आणि तिला काही देत नाही. नवा पंप बसला त्या आठवड्यात काठावर बकरा कापला. आणि बोट चालली. इतकी चालली की साहेबांनी रविवारी स्वतः कुटुंब बसवलं. नेमक्या त्याच दिवसांत खेमसिंग पुतणीच्या, बबिताच्या, लग्नासाठी केळापूरकडे गेला होता. आल्यावर रामराव त्याला म्हणाला, "पाह्यलं? तुह्या पेचकसानं झालं नाही थे बकऱ्यानं केलं."

"चाललं न. कोनानं का होईना," खेमसिंग म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीशी गेला. बरेच दिवस उभी होती बिचारी.

महिन्याभरात ती पुन्हा बिघडली. रामराव म्हणाला, बकरा लहान होता. पुन्हा नागपूर, पुन्हा नवा पंप. मग कंपनीची मुदत संपली, आणि बोट त्या नव्या पंपावर पावसाळ्यात शिरली.

गेल्या पावसाळ्यात सावरमाळची दारं उघडली तेव्हा वरून येणारा नाला आधीच भरला होता. दोन्हींचं पाणी हिरानगरच्या खालच्या आळीत भेटलं. माणसं समाजमंदिराच्या गच्चीवर चढली. रामीबाई नावाची एकटी म्हातारी, सगळा तांडा तिला याडी, म्हणजे आई, म्हणायचा, ती आपल्या बकऱ्या सोडून येईना. ती गोठ्याच्या टिनावर चढून बसली. खेमसिंगची आई लहानपणी गेली तेव्हा या रामीबाईने त्याला आपल्या पोरांच्या ताटात जेवू घातलं होतं.

सकाळी आठाच्या सुमारास बोट काढायचं ठरलं. त्या दिवशीही खेमसिंग सगळ्यांच्या आधी शेडमध्ये पोचला होता. पावसाने हवा गार होती, इंजिन थंडगार. आज दगा देऊ नये म्हणून त्याने ते नेहमीपेक्षा जास्त वेळ चालू ठेवलं. मग ट्रॅक्टरने बोट भिंतीखालच्या पुराच्या पाण्यात सोडली आणि धम्मदीप एकटा निघाला. माणसांना जागा हवी म्हणून सोबत कोणी घेतलं नाही.

पुढचं सगळ्या तांड्याने पाहिलं. बोट सरळ आली. मधल्या धारेत तिचा आवाज बदलला, एक हिसका बसला आणि आवाज थांबला. बोट गरकन फिरली आणि वाहत जाऊन बाभळींच्या शेंड्यांत अडकली. गोठ्याचं टिन त्यानंतर काही वेळ टिकून होतं. मग तेही गेलं. माणसं दुपारी दुसऱ्या गावच्या लाकडी डोंग्याने काढली, बाभळींतून धम्मदीपलाही. रामीबाई तिसऱ्या दिवशी सापडली.

गच्चीवरून कोणीतरी मोबाईलवर चित्रण केलं होतं. त्यात बोट येते आणि थांबते एवढंच दिसतं. खाली लिहिलं होतं, "चालक भेला, बोट मधातच बंद केली." ते संध्याकाळपर्यंत आर्णीत पोचलं, दोन दिवसांत फुलसावंगीत आणि आठवड्याभरात जिथे जिथे तांडा आहे तिथे तिथे. धम्मदीपला कामावरून थांबवलं. इंदूबाई आठवडी बाजारात भाजी घेऊन बसायच्या, तिथे एका बाईने वांगी निवडता निवडता विचारलं, "तुमच्याच पोराचं होय का थे?" त्यांनी वांगी मोजून दिली आणि पुढच्या बाजारापासून बसणं सोडलं.

खेमसिंगलाही तेच वाटलं होतं. हे सांगितलं पाहिजे. त्याने पेचकस कानाला लावून इंजिनाचा आवाज ठीक असल्याचं ऐकलं होतं. इंजिन ठीक म्हणजे माणूस चुकला. "पान्याले पाहून हातपाय गळाले असतील," तो घरी म्हणाला. त्याची बायको रुपीबाई म्हणाली, "तुमीच लावलतं त्याले." त्यावर तो जेवला नाही.

चौकशी बसली. धम्मदीपचं म्हणणं एका ओळीचं होतं, मी बंद केलं नाही, इंजिन बंद पडलं. हे खरं की खोटं ते इंजिनच सांगू शकत होतं. कंपनीने मुदत संपल्याचं कळवून माणूस पाठवायला नकार दिला. तेव्हा कार्यालयाला स्थानिक तज्ज्ञ लागला आणि वर दिलेलं वर्णन लिहिलं गेलं. बाभळीतून काढलेलं, चिखलाने भरलेलं इंजिन ट्रॅक्टरवर टाकून खेमसिंगच्या शेडमध्ये आलं. सील तोडायची परवानगी त्याला अखेर मिळाली.

त्याने आधी वरचा भाग उघडला. पिस्टन सिलिंडरमध्ये धरलं होतं, हातोडीने हलेना. महत्प्रयासाने निघालं तेव्हा त्याच्या अंगावर उभे ओरखडे होते आणि धातू सरकून चिकटला होता. खेमसिंग ते हातात घेऊन दारात उजेडाला गेला. चालू इंजिन माणसाने बंद केलं तर ते असं होत नाही. बंद केल्यावर पाण्यात पडलं तर गंजतं, पण असं होत नाही. हे इंजिन पूर्ण जोरात, शेवटच्या क्षणापर्यंत, पळता पळता मेलं होतं. टीं टीं वाजत असणार. वेग कमी केला असता तर बोट रांगत का होईना तरली असती. धम्मदीपने वेग कमी केला नव्हता. समोर टिनावर म्हातारी बसलेली होती आणि त्याने हात मागे घेतला नव्हता.

"भेला नाही बे," खेमसिंग पिस्टनला म्हणाला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. त्या दिवशी तो बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

पण निदान अर्धं झालं होतं. इंजिन गरम होऊन मेलं हे कळलं, गरम का झालं ते नाही. दुसऱ्या दिवशी त्याने खालचा भाग, जो आजवर नेहमी नागपूरलाच उघडला जायचा, तो उघडला. आत पाण्याचा पंप होता. पंप म्हणजे फार काही नाही, लोखंडी वाटीत फिरणारं एक रबराचं फूल, सहा पाकळ्यांचं. ते खालून धरणाचं पाणी ओढतं आणि वर इंजिनाला पाजतं. खेमसिंगला वाटत आलं होतं की एवढ्या महागाच्या इंजिनाच्या आत कुठेतरी ट्रॅक्टरसारखा रेडिएटर असेल, आपलं पाणी आपल्याजवळ बाळगणारा. नव्हता. हे इंजिन स्वतःचं पाणी बाळगतच नव्हतं. ज्याच्यात उभं असेल त्याचंच प्यायचं.

फुलाच्या पाकळ्या तुटलेल्या होत्या. त्याने आधी वाटी पाहिली. गाळाने घासलं असतं तर वाटीवर चरे पडले असते. वाटी गुळगुळीत होती. चरे नव्हते, काळा थर होता. नखाने खरवडून त्याने वास घेतला. रबर घासलं नव्हतं, जळलं होतं. पाण्यात फिरणारी वस्तू जळेल कशी?

 गिऱ्हाईक येऊन गेलं, त्याला कळलं नाही. पाण्यात जळत नाही. म्हणजे पाण्याबाहेर जळलं. पाण्याबाहेर ही बोट कोण चालू करतं?

मग बबिताचं लग्न आठवलं. तो केळापूरकडे होता तेवढे दिवस बोट नीट चालली होती. बकऱ्याने नव्हे. तो नव्हता म्हणून. दरवेळी नागपूरहून नवं फूल यायचं आणि दरवेळी तो रोज सकाळी, अगरबत्ती लावून, ते कोरडं फिरवून थोडं थोडं जाळायचा. तळहात गरम लागेपर्यंत. आणि पुराच्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ.

संध्याकाळी तो धम्मदीपच्या घरी गेला. इंदूबाईंनी पाणी दिलं आणि त्या आत गेल्या. खेमसिंगने पिशवीतून ते जळकं फूल काढून खाटेवर ठेवलं.

"हे मी जाळलं," तो म्हणाला. "रोज सकाळी."

धम्मदीपने फुलाकडे पाहिलं. हातात घेतलं नाही. "मालूम आहे काका."

"मालूम आहे?"

"नागपूरले पयल्याच दिवशी सांगतलं होतं. पान्याबाहेर चालू करायचं नाही. मी तुमाले म्हटलं होतं एकदा."

"कधी?"

"तुमी म्हनले, तू मले इंजन शिकवशीन का? मंग म्या नाही म्हटलं."

खेमसिंगला ते आठवेना. म्हणजे असं काही तो म्हणाला असणार हे त्याला लगेच पटलं, पण नेमकं कधी ते आठवेना, कारण असं तो पुष्कळांना म्हणाला होता.

"अन् चौकशीत काहून नाही सांगतलं मंग?"

"सांगून काय होत होतं जी. तुमच्या तांड्याची बाई मेली. म्या तुमचं नाव घेतलं असतं त लोक म्हनले असते, पोट्ट्यानं आता म्हाताऱ्यावर ढकललं. अन् कोनाच्या पोट्ट्यानं ढकललं थेही म्हनले असते." त्याने खाटेवरचं फूल बोटाने खेमसिंगकडे सरकवलं. "बोटीवर तुमीच लावलतं मले. बोट त घडीघडी बिघडतच होती. मले वाटे, पुढच्या बिघाडाले सांगू. मंग पुढच्या."

"मी सांगतो," खेमसिंग म्हणाला. "मी सगळ्यायले सांगतो."

"सांगा," धम्मदीप म्हणाला, ज्याचा काही उपयोग नाही अशा औषधाला हो म्हणावं तसं.

खेमसिंगने आधी तांड्यात सांगितलं. समाजमंदिराच्या पायरीवर, रामराव नायकासमोर, दहा माणसांत. फूल दाखवलं, पिस्टन दाखवलं, सकाळची फेरी सांगितली. लोकांनी नीट ऐकलं. मग रामराव म्हणाला, "खेमा, तू कायले त्या पोट्ट्याचं पाप आपल्या डोक्शावर घेऊन राह्यला?"

"त्याचं नाही, माह्यंच आहे."

"तू रोज ट्रॅक्टर चालू करतं, पंप चालू करतं. कोनता मेला आजपर्यंत?"

"थे येगळं इंजन आहे नायक. थ्याच्यात आपलं पानी नसते."

"इंजन इंजन असते. अन् पान्यातली बोट कोरडी राह्यली म्हनून मेली, हे कोनाले सांगतं? पान्यात बुडून मेली म्हन, आमी ऐकतो." काहीजण हसले. एका म्हाताऱ्याने खेमसिंगच्या पाठीवर हात ठेवला. "मोठ्या मनाचा हायेस बापू. याडीनं जेवू घातलं थे वाया नाही गेलं."

खेमसिंग मला म्हणाला, शिव्या दिल्या असत्या तर तो नीट घरी गेला असता.

मग कार्यालय. साहेब सौजन्याने वागले, खुर्ची दिली. बाजूला लिहून घ्यायला बाबू होता. खेमसिंगने फूल टेबलावर ठेवलं. बाबूने त्याखाली जुनं वर्तमानपत्र सरकवलं.

"तुम्ही रोज बोट चालू करायचात?"

"हाओ साहेब. रोज सकाळी."

"कोणाच्या आदेशाने?"

"आदेश कायचा जी. इंजन उभं होतं."

"पेट्रोल कुठलं?"

"टाकीतलंच."

साहेबांनी बाबूकडे पाहिलं. बाबू म्हणाला, टाकीतलं पेट्रोल आणि बोटीच्या फेऱ्या यांचा मेळ दर महिन्याला बरोबर बसलेला आहे. एक थेंब इकडे-तिकडे नाही.

"मग तुम्ही चालू केली नसणार," साहेब म्हणाले. "चावीसुद्धा कार्यालयाच्या ताब्यात होती."

"खिळ्यावर होती साहेब."

"तो खिळा कार्यालयाचाच आहे, आडे."

खेमसिंगने पिस्टन पुढे केलं. बंद केलेलं इंजिन असं नसतं, हे त्याने दोनदा समजावलं. साहेबांनी ते शांतपणे ऐकलं आणि विचारलं, बोट चिखलात किती दिवस पडून होती. बरेच, असं उत्तर होतं. मग पिस्टन त्यानंतर धरलं नसेल कशावरून? आणि तुम्ही म्हणता तसं मानलं, तर ज्या बोटीची देखभाल उत्तम आहे असं या कार्यालयाने दर तिमाहीला वर कळवलं, ती बोट कोणी रोज मारत होतं असं होतं. ते कसं लिहिणार?

"मी सांगून राह्यलो न साहेब. मी मारलं इंजन. अन् त्या इंजनानं आमच्या याडीले. पोट्ट्याचं यात काही नाही. त्याचं नाव काढा त्याच्यातून."

साहेबांचा आवाज मऊ झाला. "भावना समजतात. ओळखीचा मुलगा आहे, तुम्हीच शिफारस केली होती. पण या वयात कशाला अंगावर घेता?" आणि त्यांनी चहा मागवला. तो खेमसिंगला प्यावा लागला.

त्यानंतर खेमसिंगची अब्रू वाढली. परक्या पोरासाठी आळ अंगावर घेणारा माणूस म्हणून आर्णीत लोक त्याच्याकडे बोट दाखवतात. पूर्वी येत नव्हते अशा गावांहून ट्रॅक्टर येतात. तो ते दुरुस्त करतो. गोठ्यांतली फेरी मात्र बंद केली आहे. कोणी पंप चालू करून द्यायला बोलावलं तर म्हणतो, "तुमचं तुमी करा." एकदा मी त्याला पेचकस कानाला लावून बसलेला पाहिला. ट्रॅक्टर बंद होता. 

धम्मदीपकडे तो अजून जातो. जायचा, असं म्हटलं पाहिजे. मागल्या महिन्यात धम्मदीप चाकणकडे एका गोदामावर पहारेकरी म्हणून गेला. तिथल्या एका पोराने दुसऱ्या आठवड्यात त्याला ते चित्रण दाखवलं आणि विचारलं, "भाऊ, हा तूच ना?" इंदूबाई एकट्या आहेत. खेमसिंग गेला तर पाणी देतात. आता बोलत नाहीत. एकदाच म्हणाल्या, "तुमचं ऐकून घेतात लोक. म्हनून वाटलं होतं, का तुमी सांगसान त मानतीन." 

अहवाल गेल्या आठवड्यात आला. स्थानिक तज्ज्ञांचे मत घेण्यात आले, एवढा खेमसिंगचा त्यात उल्लेख आहे. मत काय होतं ते नाही. निष्कर्ष असा : "बोटीच्या इंजिनात मूलतः कोणताही दोष आढळून येत नाही. सदर चालकाने पाण्याचा वेग पाहून घाबरून इंजिन बंद केल्याचे परिस्थितीजन्य पुराव्यावरून दिसून येते. तसेच नियुक्तीच्या अटीनुसार पोहण्यात निष्णात असूनही त्याने आपद्ग्रस्त महिलेच्या मदतीसाठी पाण्यात उडी घेतली नाही, ही बाब गंभीर आहे. सबब सदर चालकास यापुढे कोणत्याही शासकीय जलवाहनावर नेमण्यात येऊ नये."

धम्मदीपला पोहता येत नाही.